आधी सुई, मग चिमटा

शनिवार, ७ जुलै २०१८. पहाटेचे साडेचार. शेड तीन, पिंजरे सहाशे अडतीस, पिल्ले तीन हजार तीनशे सत्तेचाळीस, माणसे सात.

आयविंदने ही मोजणी दरवर्षीप्रमाणे मोठ्याने केली आणि दरवर्षीप्रमाणे कुणी ऐकली नाही. सून बेंटे लसीच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत लावत होती, मुलगा प्रेबेन जाड हातमोजे झटकून आत गांधीलमाशी नाही ना ते पाहत होता, आणि नाती अर्धवट झोपेत कॉफीच्या वासाभोवती घुटमळत होत्या.

वेंडसिसेलमध्ये त्या उन्हाळ्यात मे महिन्यापासून धड पाऊस झाला नव्हता. अंगणातले गवत बिस्किटाच्या रंगाचे झाले होते. सकाळी अकरानंतर शेडच्या पत्र्याखाली उभे राहवत नव्हते. म्हणून मिंकच्या, म्हणजे लोकरीच्या कातडीसाठी पाळलेल्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या, पिल्लांना लस टोचण्याचे काम या वर्षी दोन तास आधी सुरू करायचे असे बेंटेने ठरवले होते. ठरवणारी तीच. कागदोपत्री मालक प्रेबेन होता. शेड, पाण्याच्या नळ्या आणि पिंजऱ्यांची जाळी आयविंदने तंत्रविद्यालयातून बाहेर पडल्यावर स्वतः आखून स्वतः जोडली होती. पण कोणत्या दिवशी काय होणार हे गेली वीस वर्षे बेंटे सांगत आली होती, आणि तिचे सांगणे सहसा बरोबर निघे.

प्रत्येक पिंजऱ्याच्या तारेवर कपड्यांचा एक लाकडी चिमटा डावीकडे लावलेला असे. त्या पिंजऱ्यातल्या सगळ्या पिल्लांना टोचून झाले की चिमटा उजवीकडे सरकवायचा. एका वर्षी कामाला आलेल्या माणसाने वेळ वाचवण्यासाठी एका रांगेचे चिमटे आधीच सरकवून ठेवले आणि मग ती रांग राहूनच गेली. शरद ऋतूत त्या रांगेतली पिल्ले आतड्याच्या रोगाने गेली. शेजारच्या रांगेतल्या पिल्लांना काही झाले नाही. तेव्हापासून बेंटेचा नियम होता: ज्याच्या हातात सुई, चिमट्याला हात त्याचाच. आधी सुई, मग चिमटा.

इतर मिंकवाले या कामासाठी बाहेरची टोळी बोलवत. इथे घरचेच जमत. प्रेबेनची धाकटी बहीण व्हिबेके दरवर्षी आल्बोर्गहून येई. या वर्षी बारा वर्षांच्या लिव्हलाही घेऊन आली होती. व्हिबेके इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करी. बायकांच्या गर्भाशयमुखातून घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांत काही बिघाड आहे का, हे सांगणे हा तिचा रोजचा उद्योग होता. आणि नेमक्या त्याच विषयावरून तिच्यात आणि बेंटेत तीन वर्षे मिंक, हवा आणि बटाट्यातले मीठ यांपलीकडे एकही वाक्य झाले नव्हते.

कारण सर्वांना ठाऊक होते. बेंटेची थोरली, स्टिने, बारा वर्षांची झाली तेव्हा तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीची पहिली टोचणी दिली गेली. त्याच हिवाळ्यात पोर जिना चढेनाशी झाली. चौदा महिने ती अंथरुणात होती. डॉक्टरांनी रक्त तपासले, हृदय तपासले, मान हलवली. मग बेंटेच्या मनात आले की हे टोचणीमुळेच झाले. पुढे टीव्हीवर अशाच थकलेल्या, चक्कर येणाऱ्या मुलींचा कार्यक्रम लागला आणि तो विचार मनात खिळ्यासारखा बसला. तेव्हा जेवणाच्या टेबलावर व्हिबेकेने तिला सर्वांसमक्ष अडाणी म्हटले होते. बेंटे ताट तसेच ठेवून उठली होती. त्या संध्याकाळी आयविंदने निर्णय दिला की या टेबलावर तो विषय पुन्हा निघणार नाही, आणि तो निघाला नव्हता.

पण धाकटी आस्ता आता तेरा वर्षांची होती. तिच्या टोचणीचे बोलावणे येऊन दीड वर्ष झाले होते. तिने वसंतात आईला विचारले, तेव्हा बेंटेने सांगितले की पंधरा वर्षांची झालीस की कायद्याने तुझे तू ठरवू शकतेस. तोवर मी ठरवणार आणि मी नाही म्हणते.

“आत्याबरोबर मी पकडते,” आस्ताने जाहीर केले. “बाबांचे हात मोठे आहेत, ते तुझ्याबरोबर जाऊ देत.”

बेंटेने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. पण प्रेबेनचे हात खरोखरच मोठे होते. पहिल्या शेडमध्ये ती आणि प्रेबेन गेले. दुसऱ्यात व्हिबेके सुई घेऊन, आस्ता हातमोजे घालून, लिव्ह झाकणे उघडायला. स्टिने दोन्हीकडे बाटल्या पोहोचवणार होती. तिला हातमोजे कुणी दिले नाहीत. एका वर्षी तिच्या हातून पिल्लू सुटले होते, तेव्हापासून ते कधीच दिले गेले नव्हते.

---

आस्ताने सहा महिने प्रश्न साठवून ठेवले होते. पण पहिल्या चाळीस पिंजऱ्यांपर्यंत ती गप्प राहिली. घाई केली तर आत्या बिचकेल, हे तिला कळत होते. पेंढ्याच्या घरट्यात हात घालायचा, मानेमागे धरायचे, पुढचा पाय वर करायचा, व्हिबेके काखेतल्या सैल कातडीत सुई घालणार, पिल्लू किंचाळणार, पुढचे. शेवटचे झाले की व्हिबेके चिमटा सरकवणार.

“आत्या, यांना आत्ताच का टोचायचं? पुढच्या महिन्यात का नाही?”

व्हिबेकेने सांगितले की आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण आता संपत आले आहे आणि रोग अजून शिरलेला नाही. या दोहोंमध्ये काही आठवड्यांची फट असते. त्या फटीतच लस बसते.

“आणि रोग शिरल्यावर टोचलं तर?”

“मग उपयोग नाही. लस म्हणजे औषध नव्हे.”

आस्ताने पुढचे पिल्लू काढले. ते तिच्या अंगठ्याला चावत होते. हातमोज्यातून नुसता दाब जाणवत होता.

“मग माझी फट कुठली?”

व्हिबेकेचा हात थांबला. “आस्ता, तो विषय बंद आहे. आजोबांनी बंद केलाय.”

“टेबलावर बंद केलाय. इथे टेबल कुठंय?”

रांगेच्या पलीकडून, जिथे आयविंद पाण्याच्या नळीची गळकी तोटी बदलत होता, खाकरल्याचा आवाज आला. तो आवाज होकाराचा की नकाराचा हे व्हिबेकेला आयुष्यभर कळले नव्हते. तिने काही क्षण वाट पाहिली.  मग ती बोलू लागली आणि काम थांबवले नाही.

तिने मुलींना सांगितले की हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. विषाणू फार साधा आहे, जवळजवळ प्रत्येकाला आयुष्यात कधी ना कधी गाठतो, आणि बहुतेकांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत स्वतःच घालवून देते. त्यांना पत्ताही लागत नाही. पण थोड्या बायकांत तो ठाण मांडतो. मग दहा-पंधरा वर्षे, कधी त्याहून जास्त, पेशी हळूहळू बदलत जातात. दुखत नाही, खुपत नाही.

“गाठतो म्हणजे कसा?” लिव्हने विचारले. तिला पहिली टोचणी हिवाळ्यातच मिळाली होती. दंड दोन दिवस दुखला होता, एवढेच तिला त्याबद्दल माहीत होते.

“शरीरसंबंधातून. कातडीला कातडी लागून. म्हणून त्याच्या आधी टोचायचं. तीच तुमची फट.”

मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. लिव्हने आवाज खाली आणला, पण मिंकच्या शेडमध्ये कुजबुज करायची तरी ओरडावे लागते. “म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला? आजोबांनासुद्धा?”

“आजोबांनासुद्धा झाला असेल.”

“मला ऐकू येतं,” पलीकडून आयविंद म्हणाला.

तो तोटी तशीच सोडून, पान्हा हातात घेऊन रांगेला वळसा घालून आला. त्याला राग आला नव्हता. शहात्तराव्या वर्षी त्याला नवी गोष्ट फार क्वचित कळत असे आणि कळू लागली की ती अर्धी सोडणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने विचारले की हा बदल सगळीकडे होतो की एका ठरावीक जागी.

“एका जागी, बाबा. गर्भपिशवीच्या तोंडाशी दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना भेटतात. आतल्या वेगळ्या, बाहेरच्या वेगळ्या. जिथे भेटतात त्या कडेवर.”

आयविंदने पान्ह्याच्या टोकाने पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर टकटक केली. तारेच्या जाळीला तिथे पितळेची पट्टी जोडली होती आणि नेमक्या त्या सांध्यावर तांबूस कड धरली होती. बाकीची तार चाळीस वर्षांनंतरही राखाडी, स्वच्छ होती.

“दोन धातू भेटतात तिथेच गंज धरतो,” तो म्हणाला. “बाकी कुठे बघायची गरजच नाही.”

“तेच. मी दिवसभर तेवढीच कड बघते.”

“आणि लस म्हणजे जस्ताचा मुलामा.”

“हो. पण गंज धरल्यावर मुलामा देऊन भागत नाही. शिवाय मुलामा सगळीकडे पोहोचतोच असंही नाही. लस घेतली तरी तेविसाव्या वर्षापासून तपासणीला जायचंच. लस सगळ्या प्रकारचे विषाणू अडवत नाही. उरलेलं आम्ही काचेवर पकडतो, गंज आत उतरायच्या आधी.”

आस्ता सांध्यावरच्या त्या तांबूस कडेकडे पाहत राहिली. तिला आता भीती वाटत नव्हती. उलट कर्करोग या शब्दाला पहिल्यांदाच जागा आणि आकार मिळाला होता, आणि जागा असलेल्या गोष्टीशी काही करता येते असे तिला वाटले. पण तिचा मुख्य प्रश्न अजून तोंडातच होता.

“मग स्टिनेला काय झालं?”

बर्फाची पेटी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. स्टिने दारात उभी होती. ती केव्हापासून तिथे होती हे कुणाला ठाऊक नव्हते. व्हिबेकेने सावकाश सांगितले की स्टिनेला काय झाले ते तिला माहीत नाही. ती पेशी पाहते, माणसे नाही. आणि तीन वर्षांपूर्वी माहीत असल्यासारखी बोलली, ती चूक होती.

त्याच क्षणी आस्ताच्या हातातले पिल्लू उसळले. तिने ते छातीशी दाबून धरले.

“सांभाळ,” आयविंद सवयीने म्हणाला. “स्टिनेसारखं सोडशील.”

 स्टिने रिकाम्या बाटल्या उचलून निघून गेली.

---

दुपारी साडेअकराला तिसरे शेड आटोपले. दुष्काळामुळे जिल्ह्यात उघड्यावर आग पेटवायला बंदी होती, त्यामुळे या वर्षी कोळशावरचे मांस नव्हते. गॅरेजच्या सावलीत टेबल लावून बेंटेने काळा राईचा पाव, लोणच्यातला हेरिंग मासा आणि मोठ्या भांड्यात थंड, गोड ताक मांडले होते, वर टाकायला छोटी कुरकुरीत बिस्किटे.

लिव्हला एवढ्या लोकांत शांतता सहन होत नसे. तिने विचारले की स्टिनेच्या हातून सुटलेल्या पिल्लाचे पुढे काय झाले.

ही घरची आवडती गोष्ट होती आणि प्रेबेन ती सांगण्यात तरबेज होता. पिल्लू जाळीखालून निसटले, ओढ्याच्या कडेने शेजारच्या अस्मुसच्या खुराड्यात शिरले आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या अंगाएवढ्या कोंबड्यांना त्याने पळता भुई थोडी केली. अस्मुस एक मेलेली कोंबडी घेऊन याच अंगणात आला. तिला टेबलावर ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, ही तुमची पाहुणी. चार दिवसांनी ते पिल्लू आयविंदच्या सापळ्यात सापडले. “सगळं कशामुळे?” प्रेबेनने शेवट केला. “एवढुसं पिल्लू बोटाला चावलं आणि आमच्या बाईसाहेबांनी हात सोडला.”

“मला चावलं नव्हतं,” स्टिने म्हणाली.

प्रेबेन अजून हसत होता. “मग काय, गुदगुल्या केल्या?”

“मला चक्कर आली होती. डोळ्यांपुढे काळं झालं आणि मी पेंढ्यावर पडले. उठले तेव्हा हात रिकामा होता. तुम्ही सगळे जाळीखाली शोधत होता. कुणीतरी म्हणालं चावलं असेल, मी हो म्हटलं. चक्कर म्हटलं असतं तर आईने पुन्हा शेडमध्ये येऊ दिलं नसतं.”

बेंटे ताक वाढत होती. तिने डाव भांड्यात परत ठेवला. टेबलावरच्या प्रत्येकाला कळले की बंद असलेला विषय कुणीही न काढता आपोआप येऊन बसला आहे. आयविंदने नियम आठवून दिला नाही.

“ते तेरा साली,” बेंटे म्हणाली. तिचा आवाज शांत होता. “टोचणीनंतरचा उन्हाळा. तेव्हा तू आजारी होतीसच. मधून मधून बरी वाटायचीस, म्हणून आणलं होतं.”

“बारा साली,” प्रेबेन म्हणाला. आणि बायकोच्या बाजूला बसून आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने पाव चावायला घेतला. “मला वाटतं. तेरासुद्धा असेल.”

फरक सगळ्यांना समजत होता. स्टिनेचा बारावा वाढदिवस बारा सालच्या ऑगस्टच्या शेवटी. बारा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ती टोचणी मिळतच नसे. पिल्लांना लस टोचण्याचा दिवस नेहमी जुलैच्या सुरुवातीचा. पिल्लू तेरा साली सुटले असेल, तर टोचणी आधी आणि चक्कर नंतर. बारा साली सुटले असेल, तर चक्कर आधी.

आयविंदला हा प्रश्न आवडला. लपवण्याचा प्रयत्न करूनही ते दिसत होते. त्याने विचारले की तेव्हा तिसऱ्या शेडवर जुना पत्रा होता की नवा, कारण नवा त्याने बाराच्या ऑक्टोबरात घातला होता. कुणालाच आठवेना. प्रेबेनला वाटले की त्या दिवशी छप्पर गळत होते, म्हणजे जुना; बेंटे म्हणाली की जुलैत छप्पर गळताना तुला दिसले कसे, पाऊस होता का?  व्हिबेकेला बोलायचे होते, ते तिच्या बोटांवरून दिसत होते. ती बिस्किटांचा चुरा करत होती. पण या वेळी तिने तोंड बंद ठेवले, आणि बेंटेच्या ते नजरेस आले.

आस्ता एकेकाचा चेहरा पाहत होती. स्टिनेच्या आजारपणात ती सात वर्षांची होती. तिला त्या काळातले एवढेच आठवत होते की आई जिन्याच्या पायरीवर बसून असे आणि बाबा पाव आणून तिच्या बाजूला ठेवत आणि तो तसाच वाळत असे.

“तो कोंबड्यांवाला,” लिव्हने ताकाचा चमचा चाटत विचारले, “तो कोण? आज का नाही आला?”

“अस्मुस गेला,” आयविंद म्हणाला.

“कधी?”

आयविंदने उत्तर द्यायला तोंड उघडले. पण तेवढ्यात त्याची नजर सुनेकडे गेली.

बेंटे उभीच होती. तिच्या डोळ्यांपुढे बर्फ होते. चर्चच्या वाटेवरून बर्फ हटवायला प्रेबेन ट्रॅक्टर घेऊन गेला होता. स्वयंपाकघरात ती एकटी, वर स्टिने झोपलेली, आणि टेबलभर पावांच्या चकत्या, कारण अस्मुसला बायको नव्हती आणि त्याच्या मर्तिकाचे जेवण आपणच करायचे असे तिने ठरवले होते. लोणी लावता लावता ती जिन्याकडे कान देऊन होती. वरून घंटी वाजली की सुरी ठेवून धावायचे. ही आठवण इतकी पक्की होती की तिच्यात कुठेही बोट शिरत नव्हते.

“जानेवारीत,” ती म्हणाली. “तेराच्या जानेवारीत. ऐंशी जणांचे पाव मी केले होते.”

पुढचेही तिने स्वतःच पूर्ण केले. 

“म्हणजे जुलैत कोंबडी घेऊन तो आला, ते बारा साली, किंवा त्याआधी कधी तरी. तेरा साली नव्हे.”

तिने एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला, चिमटे तपासून येते म्हणाली आणि शेडकडे चालू लागली. व्हिबेके अर्धी उठली. आयविंदने तिच्या मनगटावर हात ठेवला. “तू नको,” तो म्हणाला. स्टिने आधीच निघाली होती.

---

शेवटची फेरी बेंटे नेहमी एकटीने करी. आज तिच्यामागे पावले होती आणि तिने मागे पाहिले नाही. पहिली रांग, उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे. पत्रा तापून तडतडत होता. पिल्ले थकून एकमेकांवर पडली होती.

“किती वेळा आली होती?” तिने चालता चालता विचारले.

“त्या उन्हाळ्यात? तीनदा. एकदा शाळेत, पोहायला गेलो होतो तेव्हा. एकदा सायकलवरून.”

“आणि तू मला बोलली नाहीस.”

स्टिने चिमट्यांकडे पाहत चालली होती. “आधी शेडसाठी नाही बोलले. नंतर…” ती थांबली. “नंतर तू जेवत नव्हतीस, आई. किती दिवस. आणि मग एके दिवशी म्हणालीस की कळलं, ती टोचणीच, आणि त्या संध्याकाळी तू दोन बटाटे खाल्लेस. मला वाटलं, असू दे.”

बेंटे एका पिंजऱ्यापाशी थांबली. चिमटा उजवीकडे होता. तिने उगाच आत पाहिले, जणू सुई खरोखर गेली होती की नाही हे पिल्लाच्या तोंडावर लिहिलेले असेल. वीस वर्षे ती माणसांना सांगत आली होती की चिमटा सरकला म्हणजे काम झाले असे नव्हे, आधी काय आणि नंतर काय ते बघा. आणि स्वतःच्या घरात तिने चिमटा आधी सरकवला होता.

“मग तो आजार होता तरी कशाचा?”

“मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नव्हतं. गेला, एवढं खरं.”

“माहीत नाही,” बेंटे हळूच म्हणाली. हे दोन शब्द तिने पाच वर्षे घरात येऊ दिले नव्हते. ते वाटले होते तेवढे भयंकर नव्हते. नुसते रिकामे होते. तिने पोरीच्या केसांतली पेंढ्याची काडी काढली आणि दोघींनी उरलेल्या रांगा तपासल्या. एकही चिमटा डावीकडे नव्हता.

त्या परतल्या तेव्हा प्रेबेनने टेबल आवरून कॉफी ठेवली होती आणि सगळे अशा गोष्टीवर बोलत होते जिच्याकडे कुणाचेही लक्ष नव्हते. बेंटे व्हिबेकेच्या समोर बसली.

“काचेवर दिसतं काय?” तिने विचारले. “तू दिवसभर बघतेस ते.”

व्हिबेकेने तिच्याकडे पाहिले. प्रश्नात टोमणा आहे का, हे ती शोधत होती. नव्हता. मग तिने कपाळावरचा घाम पुसला आणि सांगू लागली: निरोगी पेशी तळलेल्या अंड्यासारखी दिसते, मोठी, सपाट, मधला ठिपका लहान. बिघडू लागली की ठिपका फुगतो, काळपट होतो, त्याच्याभोवती पोकळ कडे दिसते. तिने टेबलावर सांडलेल्या ताकात बिस्किटाचा तुकडा ठेवून ते दाखवले. बेंटेने विचारले की फुगलेला ठिपका परत लहान होतो का. कधी कधी होतो, म्हणूनच लगेच कापत नाहीत, वाट बघतात आणि पुन्हा बघतात. किती बायकांत? टोचलेल्या मुली आता तपासणीच्या वयाला येऊ लागल्या आहेत, त्यांच्या काचांवर काय दिसते? कमी दिसते, व्हिबेके म्हणाली. आमच्याच खोलीत कळण्याइतके कमी. आयविंदने मध्येच विचारले की रंग कोणता वापरता. आस्ता कोपर टेकून ऐकत होती. सहा महिने साठवलेल्या प्रश्नांपैकी निम्मे आज आईनेच विचारले होते.

“मी माझ्या तपासणीला दर वेळी जाते,” बेंटे अखेर म्हणाली. “एकदाही चुकवलेली नाही.”

“ठाऊक आहे, वहिनी.”

“तुला कसं ठाऊक?”

“तू काय चुकवतेस?” व्हिबेके म्हणाली, आणि मग, “त्या दिवशी मी तुझ्यासाठी जो शब्द वापरला, तो माझ्यासाठी जास्त बरोबर होता. मी उत्तर द्यायला धावले. तू काय पाहिलंस ते विचारलंच नाही.”

 बेंटेने कॉफीचे भांडे उचलून आधी व्हिबेकेचा पेला भरला. या घरात तेवढे पुरत असे.

“सोमवारी आठला डॉक्टरांचा फोन सुरू होतो,” ती म्हणाली. “मी लावते.”

“माझ्यासाठी?” आस्ताने विचारले.

“दोघींसाठी. स्टिनेचीही अर्धीच राहिलीय. अठरा पूर्ण झाली की पैसे पडतात, त्याच्या आत झालेली बरी.”

“माझं मी ठरवू शकते,” स्टिने म्हणाली. “तीन वर्षांपासून.”

“मग ठरव.”

“ठरवलं. पण फोन तू कर. मला तिथली घोळ घालणारी बाई आवडत नाही.”

प्रेबेन मोठ्याने हसला. सकाळपासून तो हसायला कारण शोधत होता.

---

गुरुवारी, १२ जुलैला, दुपारी दवाखान्याच्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि तरी वारा नव्हता. डॉक्टरांनी सांगितले की स्टिनेची पहिली टोचणी पंधरा वर्षांच्या आत झाली होती, म्हणून आता एकच पुरे. आस्ताच्या दोन, दुसरी सहा महिन्यांनी. बेंटेने आजाराबद्दल सगळे सांगितले, चक्करसुद्धा, घडले त्या क्रमाने, आणि डॉक्टरांनी ते ऐकून घेतले. टोचल्यावर मुलींनी थोडा वेळ तिथेच बसून राहायचे होते. बेंटे त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली आणि दोघींचे ओठ, डोळे, गालांचा रंग पाहत राहिली. तिची भीती संपली नव्हती. फक्त ती आता दार अडवून उभी नव्हती, आत येऊन शेजारी बसली होती.

“आई, तू माझ्याकडे मिंककडे बघतात तशी बघतेयस,” आस्ता म्हणाली.

“मिंक एवढं बोलत नाहीत.”

रुमाल काढायला बेंटेने खिशात हात घातला, तर बोटांना लाकडी चिमटा लागला. शनिवारपासून तो तिथेच राहिला होता. आस्ताने ते पाहिले आणि तळहात पुढे केला. बेंटेने क्षणभर विचार केला आणि चिमटा परत खिशात टाकला. “दुसरी झाल्यावर,” ती म्हणाली.

घरी पोहोचल्या तेव्हा आयविंद अंगणात नळीला जस्ताची नवी जोडणी बसवत होता. त्याने मान वर न करता विचारले की कुणाचे काय झाले. स्टिनेने सांगितले: माझ्या दोन्ही झाल्या. आस्ताने सांगितले: माझी पहिली झाली.

“मग बाकी?”

“एक,” बेंटे म्हणाली.